श्रमिक कवी-दांपत्याचे कागद : वारसा की रद्दी?

फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने 'ज्ञान भारतम्' नावाची मोहीम जाहीर केली. विद्यापीठे, संग्रहालये, ग्रंथालये आणि खासगी संग्राहक यांच्याकडे असलेल्या एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची पाहणी, नोंदणी आणि जतन करण्याचा संकल्प तीत आहे. संकल्प स्वागतार्हच आहे. भूर्जपत्रांवरील आणि ताडपत्रांवरील ज्ञान वाळवीच्या तोंडी जावे असे कोणीही म्हणणार नाही. परंतु 'हस्तलिखित' कशाला म्हणावे याची जी सरकारी व्याख्या २००३ च्या राष्ट्रीय हस्तलिखित मोहिमेपासून चालत आली, तिच्यात एक लहानशी अट आहे. लिखाण किमान ७५ वर्षांचे असले पाहिजे. पुरावस्तू आणि कलावस्तूंविषयीच्या १९७२ च्या केंद्रीय कायद्यातही वाङ्मयीन मोलाच्या हस्तलिखिताला हीच मर्यादा घातलेली आहे.

ज्या वर्षी हा कायदा झाला त्याच १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' प्रसिद्ध झाला. कायद्याचा हिशेब लावायचा तर त्या संग्रहाच्या खर्ड्याचा कागद २०४७ साली राष्ट्रीय ठेव होण्यास पात्र ठरेल. त्या वर्षापर्यंत तो कोणी सांभाळायचा, कोणत्या छपराखाली सांभाळायचा आणि कोणाच्या खर्चाने सांभाळायचा, याबद्दल कायदा काहीच बोलत नाही. कायद्याच्या या मौनातच त्याचे वर्गीय स्वरूप उघड होते.

पंचाहत्तर वर्षांचे छप्पर

कागद टिकवणे हा खर्चाचा व्यवहार आहे. त्याला कोरडी जागा लागते, कपाट लागते, आणि पिढ्यान्‌पिढ्या न बदलणारा पत्ता लागतो. वाड्यात या तिन्ही गोष्टी होत्या, म्हणून वाड्यातली दप्तरे टिकली. मठांत होत्या, म्हणून पोथ्या टिकल्या. बीडीडी चाळीतील खोली १६० चौरस फुटांची. तीत सहा-आठ माणसे, त्यांची अंथरुणे, पाण्याचे पिंप आणि मोरी. तेथे माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेला जी जागा मिळते ती घरातील कोणाच्या तरी पाय पसरण्याच्या जागेतून कापून घेतलेली असते. ज्या वर्गाला ७५ वर्षे एका छपराखाली राहू दिले गेले नाही, त्या वर्गाच्या लिखाणाला ७५ वर्षांची अट घालणे म्हणजे त्याला दारातूनच परत पाठवणे होय.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्या संपानंतर गिरण्या गेल्या, गिरण्यांच्या जमिनी गेल्या आणि हजारो कुटुंबे उपनगरांत, कोकणात वा घाटावर परतली. एका बिऱ्हाडाने जागा सोडली की सामानाची वर्गवारी होते : कामाचे, विकण्याजोगे आणि टाकण्याजोगे. भांडी पहिल्या वर्गात जातात. कागद बहुधा तिसऱ्या वर्गात जातात, आणि रद्दीवाला मेहेरबान असेल तर दुसऱ्या. आज गिरणगावात चाळींचा पुनर्विकास चालू आहे. नव्या इमारतीतले घर मोठे आहे, आणि कामगाराला ते मिळालेच पाहिजे. पण जुन्या खोलीतून नव्या खोलीत जाताना माळ्यावरची ट्रंक किती घरांतून बरोबर नेली जाते, हा प्रश्न विचारण्याची जबाबदारी कोणीतरी घ्यावयास हवी.

एका घरातले दोन कवी

नामदेव ढसाळ यांचा जन्म १९४९ चा, पुणे जिल्ह्यातील पूर-कनेरसरचा. बालपण मुंबईत, कामाठीपुऱ्याच्या आसपासच्या वस्तीत गेले. तरुणपणी त्यांनी टॅक्सी चालवली. मराठी कवितेत तोवर ज्या वस्तीला शब्द नव्हते त्या वस्तीची भाषा त्यांनी कवितेत आणली आणि १९७२ मध्ये दलित पँथरच्या स्थापनेत सहभाग घेतला. त्यांच्या पत्नी मल्लिका अमर शेख या शाहीर अमर शेख यांच्या कन्या. बार्शीकडचा हा शाहीर स्वतः कष्टकऱ्यांतूनच वर आलेला, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्याच्या डफाने मैदाने भरली तो. मल्लिकाबाईंचा 'वाळूचा प्रियकर' हा कवितासंग्रह १९७९ साली आला आणि 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' हे आत्मकथन १९८४ साली. एका छपराखाली दोन कवी, दोघांच्याही मागे चळवळ, आणि दोघांच्या कवितेची दिशा निराळी. मराठी साहित्याच्या इतिहासात असे दांपत्य विरळाच.

अशा दांपत्याच्या कोणत्याही घरातील कागद आज नेमके कोठे आहेत हा त्या कुटुंबाचा खासगी प्रश्न आहे, आणि त्यात डोकावण्याचा अधिकार कोणाला नाही. ते कोठे जाऊ शकतात हा मात्र सार्वजनिक प्रश्न आहे; आणि त्याचे प्रामाणिक उत्तर असे की, श्रमिक कवीच्या घरातील व्यक्तीने एक गाठोडे काखोटीला मारून ते सन्मानाने आणि निर्धास्तपणे स्वाधीन करायचे ठरवले, तर महाराष्ट्रात तिला सहज दाखवता येईल असा दरवाजा नाही.

त्या गाठोड्यात काय असते? कवितेचे कच्चे खर्डे असतात, बहुधा पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेले. संपादकाचे 'साभार परत' असते. सभेच्या वर्गणीचा आणि वाण्याच्या उधारीचा हिशेब एकाच वहीत असतो. दवाखान्याची चिठ्ठी असते, पोलिसांची नोटीस असते, दौऱ्यावरून धाडलेले पोस्टकार्ड असते. सुशिक्षित मध्यमवर्गीय लेखकाचे कागद निवडताना अभ्यासक वाङ्मयीन तेवढे घेतो आणि घरगुती बाजूला ठेवतो. श्रमिक कवीच्या बाबतीत ही निवड करताच येत नाही. उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर कविता असेल तर ती वही साहित्याच्या कपाटात ठेवायची की अर्थशास्त्राच्या? वस्तुतः कविता कोणत्या किमतीला उत्पन्न झाली याचा पुरावा त्या वहीइतका दुसरा कोणता नाही.

'पुस्तक आहे ना, मग कागद कशाला?'

हा आक्षेप चळवळीतल्या साथींकडूनच अधिक ऐकू येतो. कविता छापून झाली, लोकांपर्यंत पोहोचली. आता खर्डे जपणे हा विद्यापीठीय शौक आहे, असे त्यांचे म्हणणे. समाजवादी म्हणवणाऱ्याने तरी असे म्हणू नये. 'भांडवल' ग्रंथाचा पहिला खंडच मार्क्सच्या हयातीत निघाला. दुसरा १८८५ साली आणि तिसरा १८९४ साली एंगल्सने मागे राहिलेल्या कागदांतून उभा केला. १८४४ ची हस्तलिखिते तर १९३२ मध्ये प्रकाशात आली आणि त्यांनी समाजवादी विचाराला नवे वळण दिले. नाझी राजवटीत जर्मन समाजवादी लोकशाही पक्षाने हे कागद देशाबाहेर काढले. १९३५ साली अॅमस्टरडॅम येथे स्थापन झालेल्या सामाजिक इतिहासाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेत ते अखेर विसावले. पक्षच बेकायदा ठरला असतानाही कार्यकर्त्यांनी कागद वाचवले. त्यांना तो शौक वाटला नव्हता.

या उदाहरणातच एक दांपत्यही आहे. मार्क्सचे अक्षर छापखान्याला लागत नसे. त्याचे लेख जेनी मार्क्स सुवाच्य करून देत असे. दारिद्र्यात, आजारपणात आणि मुलांच्या मृत्यूंमध्ये ते काम चालले. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर तिचे नाव नाही. तिच्या श्रमाची साक्ष आहे ती कागदांत, हस्ताक्षराच्या रूपाने. पुस्तक हा तयार माल आहे. त्यामागचे श्रम, आणि ते कोणाकोणाचे, हे कागदच सांगतात. श्रमाच्या मूल्यावर विश्वास असणाऱ्यांनी तयार मालावर समाधान मानावे, हा तर्क चमत्कारिक म्हटला पाहिजे.

सावलीचे खाते

श्रमिक कवीच्या कागदांचा प्रश्न निघाला की तो लवकरच पुरुषाच्या कागदांचा प्रश्न होऊन बसतो. सत्कार त्याचा, स्मारक त्याचे, आणि कागदांचा संग्रह झालाच तर तोही त्याच्या नावाने. तीत एक फाईल 'पत्नीचा पत्रव्यवहार' अशी असते आणि तेवढ्यात दुसऱ्या आयुष्याची वासलात लागते. मल्लिका अमर शेख यांनी विवाहानंतर वडिलांचे नाव लेखनात कायम ठेवले. उद्या एखाद्या ग्रंथपालाने त्यांचे कागद 'ढसाळ' या शीर्षकाखाली एक उपविभाग म्हणून लावले, तर ती नोंदवहीतील किरकोळ सोय नसेल. एका कवयित्रीने आयुष्यभर जपलेले नाव मरणोत्तर पुसून टाकण्याचा तो प्रकार होईल.

'मला उद्ध्वस्त व्हायचंय' प्रसिद्ध झाले तेव्हा पुरोगामी वर्तुळात जी अस्वस्थता पसरली तिचे कारण वाङ्मयीन नव्हते. क्रांतीची भाषा बोलणाऱ्या घरात स्त्रीच्या वाट्याला काय येते याचा तो पत्नीच्या बाजूने दिलेला जबाब होता. अशा जबाबाने चळवळीची बदनामी होते असे मानणारे तेव्हा होते, आजही आहेत. त्यांना एवढेच विचारावे की, मालकाच्या जमाखर्चाची वही उघडण्याची मागणी करणाऱ्या चळवळीने स्वतःच्या घरची वही बंद का ठेवावी?

नारायण सुर्वे यांच्या घरचे उदाहरण याहून वेगळे, तरी याच ओळीतले. गिरणी कामगाराने पदरात घेतलेले हे मूल जेमतेम चौथीपर्यंत शिकले, पुढे मुंबई महापालिकेच्या शाळेत आधी शिपाई आणि मग शिक्षक झाले. १९६२ साली 'ऐसा गा मी ब्रह्म', १९६६ साली 'माझे विद्यापीठ', आणि १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद. कृष्णाबाई सुर्वे कवयित्री नव्हत्या. पण त्यांनी आपले आयुष्य स्वतः सांगितले, आणि त्या आत्मकथनाचे नाव 'मास्तरांची सावली'. ज्या बाईने संसाराचा निम्म्याहून अधिक भार उचलला तिला स्वतःसाठी 'सावली' हा शब्द सापडावा, यात तिचा विनय आहे तसा समाजाचा हिशेबही आहे. संग्रह करणाऱ्याचे काम तो हिशेब दुरुस्त करण्याचे आहे. सावलीच्या नावानेही स्वतंत्र खाते उघडले पाहिजे.

येथे एक मर्यादा स्पष्ट मान्य केली पाहिजे. घरातला कागद हा घरातल्या माणसाचा असतो. कोणता कागद कधी उघडायचा, कोणता वीस वर्षे मोहोरबंद ठेवायचा आणि कोणता द्यायचाच नाही, हे लिहिणाऱ्याने किंवा लिहिणारीने ठरवायचे. चळवळीला त्यांवर हक्क नाही. ते जाळण्याचा नाही आणि मिरवण्याचाही नाही. आणि नवऱ्याच्या कीर्तीच्या रक्षणासाठी बायकोचे कागद गाळण्याचा हक्क तर कोणालाच नाही.

'पण ते आपले कुठे राहिले?'

आणखी एक आक्षेप खासगीत बोलला जातो. ढसाळांनी आणीबाणीत इंदिरा गांधींची बाजू घेतली, पुढे शिवसेनेशी जवळीक केली. अशांचे कागद समाजवाद्यांनी का जपावेत? आणीबाणीत तुरुंग भोगलेल्या साथींना हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे, आणि त्यांच्या रागाला कारण आहे. परंतु संग्रह म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे. एक संतप्त तरुण कवी, एक संघटना आणि एक वस्ती कोणत्या दबावांखाली कोठून कोठे गेली, हे समजून घ्यायचे असेल तर त्या प्रवासाचे कागद लागतात. ते नसतील तर उरतात दोन्ही बाजूंच्या आख्यायिका, आणि आख्यायिकांतून पुढची पिढी काहीच शिकत नाही.

लँकेशायरचा धडा

ही उपेक्षा फक्त मराठी नाही. मुंबईच्या गिरण्यांची जुनी प्रतिस्पर्धी असलेल्या लँकेशायरच्या कापड पट्ट्यात एथेल कार्नी ही विणकरांची मुलगी १८८६ साली जन्मली. वयाच्या अकराव्या वर्षी ती अर्धवेळ गिरणीत जाऊ लागली. १९०७ साली तिच्या कवितांचे पहिले पुस्तक निघाले, आणि त्याच्या नावातच कारखाना होता. १९१३ मध्ये तिची कादंबरी आली. ब्रिटनमध्ये कादंबरी प्रसिद्ध करणाऱ्या पहिल्या कामगार स्त्रियांत तिची गणना होते. १९१५ साली तिने आल्फ्रेड होल्ड्सवर्थ या कवीशी विवाह केला, आणि १९२३ ते १९२५ या काळात तिने फॅसिझमविरोधी नियतकालिक चालवले. १९६२ साली ती वारली तेव्हा तिची आठवण ठेवणारे फार थोडे उरले होते. तिच्या एका कादंबरीवर १९२० मध्ये निघालेला मूकपट हरवलाच असे मानले जाई; त्याची प्रत २००७ साली कॅनडातील मॉन्ट्रियलच्या संग्रहात मिळाली. तिची पुस्तके अभ्यासकांनी अलीकडच्या काळात पुन्हा छापली. आल्फ्रेडची ओळख बहुतांशी 'एथेलचा पती' एवढीच शिल्लक आहे. म्हणजे सावलीचा नियम उलटाही लागू होतो. एकाच घरातील दोन कवींपैकी जो कमी छापला गेला तो पुसला जातो, आणि त्याला परत आणण्याचे साधन कागद हेच.

त्याच लँकेशायरने उपायही दाखवला. एडमंड फ्रो हा यंत्र-कामगार आणि रूथ फ्रो ही शिक्षिका, हे दांपत्य पगारातून शिल्लक टाकून आणि सुट्ट्यांत जुन्या पुस्तकांची दुकाने धुंडाळून कामगार चळवळीची पुस्तके, पत्रके आणि कागद जमवीत राहिले. घराच्या भिंती भरल्या. १९८७ साली तो संग्रह सॅलफर्ड शहरात 'कामगार चळवळ ग्रंथालय' म्हणून सार्वजनिक जागेत गेला आणि आजही तेथे आहे. आरंभाला सरकार नव्हते, विद्यापीठ नव्हते, उद्योगपतीचा न्यास नव्हता. दोन माणसे होती आणि तीस वर्षांची चिकाटी होती.

भारतातही असे दाखले आहेत. तामिळनाडूच्या कोट्टैयूर गावात पाट्या रंगवणाऱ्या रोजा मुथय्या यांनी जमवलेल्या पुस्तकांवर आणि जाहिरातींच्या कागदांवर १९९४ साली चेन्नईत संशोधन ग्रंथालय उभे राहिले. मुंबईत १९८८ पासून 'स्पॅरो' ही संस्था स्त्रियांच्या आयुष्याची ध्वनिमुद्रणे, छायाचित्रे आणि कागद जमवीत आली आहे. तेव्हा 'हे आपल्याकडे होत नाही' अशी सबब चालणार नाही.

बाजार, स्मारक आणि चळवळ

चळवळीने हात झटकले तर दोन गिऱ्हाइके तयार आहेत. पहिले गिऱ्हाईक बाजार. गार्सिया मार्केसचे कागद अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाने २२ लाख डॉलरना घेतले. तेथे ते उत्तम स्थितीत असतील, पण कोलंबियाच्या विद्यार्थ्याला मूळ कागद पाहण्यासाठी अमेरिकेचा व्हिसा लागतो. मराठी श्रमिक कवीला असा भाव मिळण्याची शक्यता नाही, आणि मिळाला तर त्याच्या गरीब वारसाने तो नाकारावा असे सांगण्याचा नैतिक अधिकार चळवळीला नाही. दुसरा मार्ग मोकळा ठेवणे एवढेच तिच्या हातात आहे.

दुसरे गिऱ्हाईक सरकार. सरकारला पुतळा आवडतो, कारण तो बोलत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचे सोहळे झाले. पण छापील साहित्याची तरी स्थिती काय? डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे लेखन प्रसिद्ध करण्यासाठी १९७६ मध्ये समिती नेमली गेली, वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ साली पहिला खंड निघाला आणि त्या खंडांनी शिक्षण घेणाऱ्या एका पिढीला उभे केले. त्याच प्रकल्पासाठी कोट्यवधी रुपयांचा कागद खरेदी होऊनही छपाई रखडल्याबद्दल डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. घटनाकारांच्या खंडांची ही कथा, तर टॅक्सी चालवणाऱ्या कवीच्या खर्ड्यांची कोण चिंता करणार?

आणि चळवळ? जयप्रकाशांचे कागद दिल्लीच्या तीन मूर्ती भवनात आहेत, ते योग्यच झाले. नेत्यांचे कागद राष्ट्रीय ठरतात. ज्यांनी त्या नेत्यांच्या सभांना गाणी पुरवली, रात्री पत्रके लिहिली, संपात पोवाडे रचले, त्यांच्या वह्या मात्र युनियनच्या कचेरीत कपाटांमागे कुजतात आणि दिवाळीच्या साफसफाईत जातात. नेत्याचे ते दप्तर आणि कामगाराची ती रद्दी, हा भेद भांडवलदाराने केलेला नाही. तो चळवळीच्या कचेरीत झाला आहे.

करावयाचे काम

म्हणून मागण्या नेमक्या केल्या पाहिजेत. सरकारकडे पहिली मागणी ही की विसाव्या शतकातील श्रमिक, दलित आणि स्त्री लेखकांच्या हस्तलिखितांसाठी ७५ वर्षांची अट रद्द व्हावी. दुसरी, १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या 'अ' वर्गाच्या ग्रंथालयांना स्थानिक लेखकांच्या कागदांसाठी कोरडे कपाट आणि एक प्रशिक्षित सेवक ठेवण्याचे निराळे अनुदान मिळावे. तिसरी, मूळ कागद घरीच ठेवू इच्छिणाऱ्या कुटुंबाला त्यांची छायाप्रत करून द्यावी, आणि कागद स्वाधीन करणाऱ्यास रास्त मोबदला मिळावा. ती मेहेरबानी नव्हे, थकलेली मजुरी आहे.

कार्यकर्त्यांचे काम मात्र सरकारची वाट न पाहता सुरू होऊ शकते. प्रत्येक शाखेने आपल्या भागातील हयात आणि दिवंगत कामगार कवी, शाहीर, लेखिका यांची यादी करावी. घरी जावे, विचारावे, आणि नकार आला तर नमस्कार करून परतावे. होकार आला तर पती आणि पत्नी यांची दोन स्वतंत्र खाती दोघांच्या स्वतःच्या नावांनी उघडावीत. हिशेबाची वही कवितेच्या वहीपासून वेगळी करू नये. युनियनच्या ज्या कचेऱ्यांत आज निम्मे दालन रिकामे असते तेथे एक कपाट या कामासाठी द्यावे.

रद्दीचा भाव किलोवर ठरतो. त्यात कवितेचा कागद आणि वाण्याची पावती सारख्याच मोलाने जातात. काट्यावर चढलेला कागद परत मिळत नाही. चाळी रिकाम्या होत आहेत, ट्रंका खाली उतरत आहेत. २०४७ पर्यंत थांबण्यास त्यांना सवड नाही. पुढच्या शाखा-सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत हा विषय आला पाहिजे, आणि तोही 'इतर' या सदराखाली नव्हे.